रस्त्यावर येणारा देव

अलका टॉकीजच्या चौकातून पूर्वेला निघालेला लक्ष्मी रस्ता कुंटे चौक, बेलबाग चौक, सोन्या मारुती चौक असे करत क्वार्टर गेटपर्यंत जातो. पुण्याचा हा मुख्य बाजार. साड्या, सोने, भांडी, लग्नाचा बस्ता, सगळे इथेच. आजूबाजूच्या पेठांच्या नावांतच पेशवाई आहे: सदाशिवरावभाऊंची सदाशिव पेठ, नारायणरावांची नारायण पेठ, नाना फडणविसांची नाना पेठ. बेलबागेतले विष्णुमंदिरही नानांनीच बांधलेले. पेशव्यांचे घोडे जिथे बांधले जात, तिथे आज १८८४ साली स्थापन झालेली मुलींची हुजूरपागा शाळा आहे.

वर्षात दोनदा या बाजारातून देव जातो. आषाढी एकादशीच्या आधी ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या अलका चौकातून शिरतात आणि पूर्वेला नाना पेठ, भवानी पेठेतल्या मुक्कामाकडे जातात. अनंत चतुर्दशीला मंडईतून निघालेले गणपती बेलबाग चौकात वळून पश्चिमेला, नदीकडे जातात. रस्ता एकच, दिशा उलट.

या दोन्ही मिरवणुकांत गाभाऱ्यातली अचल मूर्ती कुठेच नसते. पालखीत असतात पादुका, म्हणजे आता नसलेल्या पायांच्या खुणा. गणपती असतो मातीचा, पाण्यात विरघळण्यासाठीच घडवलेला. मग रस्त्याच्या दुतर्फा ताटकळत उभी असलेली माणसे नेमके कोणाचे दर्शन घेतात? देव सर्वत्र असेल तर त्याला बाजारातून फिरवायचे कशाला, आणि तो मंदिरातच असेल तर हे चालले आहे ते काय?

गणपतीच्या बाबतीत हा प्रश्न फारच टोकदार आहे. पार्थिव मूर्तीची पूजा हा पाहुणचार आहे. प्राणप्रतिष्ठा करून देवाला बोलवायचे आणि उत्तरपूजा करून निरोप द्यायचा. घरोघरी उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या की मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. शास्त्राच्या भाषेत त्या क्षणी देव निघालेला असतो आणि उरते ती माती. तरीही घरचा गणपती नदीवर नेताना कोणी तो मातीच्या गोळ्यासारखा हातात धरत नाही. त्याच्या डोक्यावर ऊन लागू देत नाहीत, वाटेत त्याला खाली टेकवत नाहीत. देव गेला हे मान्य असते आणि जिथे तो राहून गेला त्या मातीचा मानही राखला जातो. तर्काला हे दोन्ही एकदम पटणार नाही, पण मराठी घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला ते बरोबर कळते. मूर्तिपूजा म्हणजे दगडमातीलाच देव समजणे, या आक्षेपाला याहून चांगले उत्तर कोणत्याही ग्रंथात शोधायची गरज नाही.

अनेक सार्वजनिक मंडळांची मोठी मूर्ती कायमची असते आणि विसर्जन होते ते पूजेतल्या लहान मूर्तीचे. तिथेही निरोपाचा अर्थ तोच राहतो.

पादुकांची गोष्ट वेगळी. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. ज्ञानोबांच्या सोहळ्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. वारीत वारकरी देवाकडे चालत जातात आणि त्यांच्याबरोबर संतही चालतात. सुमारे सव्वासातशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेला माणूस दर वर्षी वाट चालतो, या श्रद्धेला मुक्कामाचे गाव लागते, वाट लागते आणि वाटेत पुण्यासारखे शहरही लागते. गाभाऱ्यात ती मावत नाही.

रस्त्याला उंबरठा नसतो, हे यातले सर्वांत महत्त्वाचे. चोखोबांना विठ्ठलाचे दर्शन महाद्वाराबाहेरूनच घ्यावे लागले आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. लक्ष्मी रस्त्यापासून पर्वती दूर नाही. त्या पर्वतीवरच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून ऑक्टोबर १९२९ मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्यावर दगड आले. पंढरपूरचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. दाराशी अडवलेल्या माणसाला देव भेटायचा तो बहुधा दाराबाहेर, वाटेवर. म्हणून देवाने रस्त्यावर येणे ही केवळ हौस नाही. देव कोणाचा, या प्रश्नाचे ते उत्तर होऊ शकते.

होऊ शकते, इतकेच. रस्ताही माणसांचाच. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या लोकांच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या पडतात, ही बोच त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवली. याच लक्ष्मी रस्त्यावर १९३७ साली सोन्या मारुतीपुढे वाद्य वाजवण्यावरून सत्याग्रह झाला, कारण शेजारी तांबोळी मशीद होती. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हा मानाच्या गणपतींचा क्रमही रस्त्यावरच पाळला जातो. उंबरठा पुसला तरी पुढे-मागे कोण, हा हिशेब पुसला जात नाही.

आज नवा उंबरठा आवाजाचा आहे. विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. ढोल-ताशाला शहराने कधी नाक मुरडले नाही, मुरडू नये. पण घराच्या काचा थरथरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतींमुळे म्हातारी माणसे, तान्ही बाळे आणि आजारी लोक या रस्त्यापासून दूर ढकलले जातात. एरवी मंदिराचे दार ज्यांना मोकळे आहे, त्यांनाच रस्त्यावरचा देव बंद होतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगतात आणि सणाच्या मोजक्या दिवसांत राज्य सरकारला फार तर मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. मुद्दा कायद्यापुरता असता तर पोलिसांवर सोपवता आला असता. इथे प्रश्न धर्माचा आहे. ज्या दर्शनाला उंबरठा नाही म्हणून ते मोठे, त्यालाच आपण उंबरठा घालतो आहोत.

याच रस्त्यावरच्या गच्च गर्दीने अॅम्ब्युलन्स आली की दोन्ही बाजूंना सरून वाट करून दिल्याची दृश्ये पुणेकरांनी पाहिली आहेत. तेव्हा कोणी हुकूम दिलेला नव्हता. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी यंदाच्या मिरवणुकीची आखणी करताना तेवढीच जागा रस्त्याकडेच्या घरांत अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी ठेवावी आणि स्पीकरच्या भिंती न आणण्याचा ठराव स्वतःहून करावा.