भिंतीवरचा कागद कोणाचा?

मे १९६८ मध्ये फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिसमध्ये, विद्यार्थ्यांनी ललितकलांची शाळा ताब्यात घेतली आणि कामगारांच्या संपासाठी तेथे पोस्टरे छापली. ताणलेल्या जाळीतून शाई दाबायची, की चित्र उमटे. कोणते चित्र छापायचे ते सभेत ठरे. चित्रकाराची सही कोठेही नसे! २७ जूनला पोलिसांनी त्यांना बाहेर काढले.

ही पोस्टरे शोभेसाठी नाहीत, त्यांची जागा लढ्याच्या ठिकाणी, असे त्यांनी बजावले होते. आज तीच पोस्टरे संग्रहालयांत आहेत, लिलावांतही विकली जातात. मग ती जपणे हा विश्वासघात काय?

मला तसे म्हणवत नाही. माझ्या आजोबांचे एकही छायाचित्र नाही. त्यामुळेही असेल, कागद जपणाऱ्याला मी दोष देत नाही. पण सही नसलेला, म्हणजे सर्वांचा कागद एकाने विकावा, हे मात्र पटत नाही.

त्या संपामुळे किमान वेतन ३५ टक्क्यांनी वाढले. असे चित्र उद्या तुमच्या घरी आले आणि मुलाने विचारले, ही माणसे काय मागत होती, तर तुम्ही काय सांगाल?