साक्षीची वेळ

सत्तेच्या खुर्चीवरून पायउतार झाल्यानंतरच अनेकांना आपल्या नेत्याचे दोष दिसू लागतात. पदावर असेपर्यंत स्तुती आणि पद गेले की आरोप, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. अशी विधाने बहुधा खोटी नसतात, म्हणूनच त्यांचे मोल ठरविणे अवघड जाते.

आपल्याच देशातील एक उदाहरण घेऊ. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणापत्रावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि केंद्रीय मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आले. संरक्षणमंत्री स्वर्णसिंग यांनी त्या बैठकीत शंका विचारली. त्या वर्षअखेरीपर्यंत त्यांचे मंत्रिपद गेले. जुलैमध्ये लोकसभेत आणीबाणीच्या मान्यतेचा ठराव मांडला तो ज्येष्ठ मंत्री जगजीवन राम यांनी. पुढील दीड वर्ष ते मंत्रिमंडळात होते. त्याच काळात हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात राहिली, जमाअत-ए-इस्लामी हिंदवर बंदी आली, दिल्लीत तुर्कमान गेटपाशी घरे पाडली गेली, गोरगरिबांवर नसबंदीची सक्ती झाली. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या. २ फेब्रुवारीला जगजीवन राम काँग्रेसमधून बाहेर पडले आणि मग आणीबाणीविरुद्ध जाहीरपणे बोलू लागले. त्यांच्या बाहेर पडण्याने विरोधकांना मोठे बळ मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याचे घर एप्रिल १९७६ मध्ये पडले, त्याच्या दृष्टीने ती साक्ष दहा महिने उशिरा आली होती.

त्याच पक्षात पुण्याचे खासदार मोहन धारिया हेही होते. राज्यमंत्री असताना, जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करावीत, असे त्यांनी उघडपणे सांगितले. मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आले आणि पुढे आणीबाणीत तुरुंगवासही घडला. आत राहून बोलणे अशक्य होते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. ते महाग होते, इतकेच.

दुर्बलाला शरीअतने सवलत दिली आहे. अन्याय हाताने रोखता येत नसेल तर जिभेने, तेही शक्य नसेल तर निदान मनाने त्याचा तिटकारा करावा, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आपण जाणतो. मात्र जो स्वतः ठराव मांडतो, त्याला दुर्बलांच्या रांगेत उभे कसे करणार?

सूरह अल्-मोमिनमध्ये फिर्औनच्या घराण्यातील एका पुरुषाची हकिगत आली आहे. त्याने आपला ईमान लपविला होता आणि त्या लपविण्यावर कुरआनने त्याला दोष दिलेला नाही. दरबारात राहणे हाही त्याचा अपराध ठरला नाही. पण हजरत मूसा (अ.) यांच्या हत्येचा विचार सुरू होताच तो त्याच दरबारात, फिर्औनच्या समोर बोलला. उलट फिर्औनने सत्य मान्य केले ते बुडताना. ते स्वीकारले गेले नाही. दोघांच्या शब्दांत सत्य होते, पण एकाच्या शब्दाने दुसऱ्याचा जीव वाचू शकत होता आणि दुसऱ्याच्या शब्दाने फक्त त्याचा स्वतःचा.

म्हणून उशिरा बोलणाऱ्याला आपण हाकलून द्यावे का? नाही. सूरह अल्-बकरामध्ये सत्य लपविणाऱ्यांवर कठोर शब्द आहेत, पण लगेच पुढे अपवादही आहे: ज्यांनी तौबा केली, सुधारणा केली आणि जे लपविले होते ते उघड सांगितले. या तिसऱ्या अटीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. निवृत्त मंत्री नेत्याने काय केले ते सांगतो; आपण कोणत्या कागदावर सही केली, कोणत्या बैठकीत मान डोलावली, हे मात्र त्याच्या कथनातून निसटते. त्याचे ऐकावे, पण हे विचारल्याशिवाय राहू नये.

आणि हा प्रश्न केवळ दिल्लीचा नाही. मशिदीच्या विश्वस्त मंडळातून बाहेर पडलेले गृहस्थ चहाच्या टपरीवर जकातीच्या हिशेबातील घोळ रंगवून सांगतात, तेव्हा आपण आवडीने ऐकतो. तोच घोळ एखाद्या तरुण सभासदाने बैठकीत विचारला की, ‘मोठ्यांसमोर बोलतोस?’ असे म्हणून त्याला खाली बसविणारेही आपणच असतो. तो तरुण पुढच्या बैठकीला येतो की नाही, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?