बातमीची अमानत

युक्रेनवर रशियाचे आक्रमण होऊन तीन आठवडे झाले होते. १६ मार्च २०२२ रोजी एक चित्रफीत प्रसृत झाली. तिच्यात राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगत होते. ती चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली होती. झेलेन्स्कींनी तत्काळ खुलासा केला आणि सरकारने जनतेला अशा फसवणुकीविषयी आधीच सावध केले होते, म्हणून हे असत्य टिकले नाही. परंतु गोळी न झाडता सैन्य निःशस्त्र करण्याचा तो प्रयत्न होता.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो : यंत्र खोटे बोलले, तर अपराधी कोण?

शरीअतमध्ये जाब त्यालाच विचारला जातो, जो मुकल्लफ आहे. म्हणजे ज्याला विवेक आणि निवडीचे सामर्थ्य लाभले आहे. यंत्राला नीयत नाही, म्हणून त्याचा हिशेबही नाही. हिशेब द्यावा लागेल तो असत्य घडवणाऱ्याला आणि शहानिशा न करता ते पुढे धाडणाऱ्याला. “मी तर केवळ पुढे पाठवले,” ही सबब तेथे चालणार नाही. सूरह अल-हुजुरातच्या ६व्या आयतीत फासिकाने आणलेल्या बातमीची खातरजमा करण्याचा आदेश आहे, अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहावर अन्याय होईल. अनेक तफसीरकारांच्या मते, बनू मुस्तलिक कबिल्याने जकात नाकारल्याच्या खोट्या वार्तेच्या प्रसंगी ही आयत अवतरली. सूरह अन-निसाच्या ८३व्या आयतीत तर शांततेची वा भीतीची वार्ता ऐकताच पसरवणाऱ्यांना दोष दिला आहे. ती जबाबदार व्यक्तींकडे न्यावी, अशी शिकवण आहे. देशाची सुरक्षा आज या शिकवणीवरही अवलंबून आहे.

याचा अर्थ सर्वच खोटे मानावे, असा नव्हे. तसे झाले तर खरा अत्याचारीसुद्धा पुराव्याला बनावट म्हणून सुटेल. तबय्युन म्हणजे संशय नव्हे, न्याय.

बंधू-भगिनींनो, अफवांचे घाव आपल्या समाजाने सोसले आहेत. म्हणूनच आपली कसोटी अधिक कठीण आहे. आपल्याला दुखावणारी बातमी आपण तपासतोच; आपल्याला सुखावणारी आणि दुसऱ्याला कलंकित करणारी बातमीही तितक्याच कठोरपणे तपासतो का? सीमेवर तणाव असेल त्या रात्री, घरातील प्रत्येकाने फोन हाती घेताना स्वतःला हा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.