खरे आकडे आणि खरी साक्ष

विधान अक्षरशः खरे असूनही ऐकणाऱ्याची फसवणूक होऊ शकते काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तोवर तो एक शब्दही खोटा बोलला नव्हता. कोरडे धान्य तेवढे वर होते. तरीही ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्याला विचारण्यात आले आणि त्याच्या कृत्याची गणना फसवणुकीत झाली.

वैद्यकीय संशोधनाचे निष्कर्ष लोकांना सांगणाऱ्यांच्या हातीही अशीच एक रास असते. आपल्या घरांशी निगडित असलेलेच उदाहरण घेऊ. मधुमेही व्यक्ती रमजानचे रोजे कसे ठेवतात, याची मोठी पाहणी २००१ साली १३ देशांत झाली. 'एपिडायर' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात १२,२४३ रुग्णांचा समावेश होता आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. रक्तातील साखर एकदम उतरून रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रसंग, टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांत, रमजानमध्ये सुमारे साडेसात पट वाढले, असे तिच्यात आढळले.

साडेसात पट! हे ऐकून कोणाचाही थरकाप उडेल. आता तीच गोष्ट दुसऱ्या रीतीने मांडू. इतर महिन्यांत दर १,००० रुग्णांमागे महिन्याला असे ४ प्रसंग घडत होते. रमजानमध्ये ते ३० झाले. म्हणजे शंभरामागे तीन. आता ऐकणारा म्हणेल, 'एवढेच ना?' दोन्ही वाक्ये खरी आहेत, परंतु एकाने भीती उत्पन्न होते, तर दुसऱ्याने निश्चिंती.

खरी मेख पुढेच आहे. टाइप १ मधुमेहात हीच वाढ सुमारे पावणेपाच पट होती. केवळ 'पट' ऐकणारा मनुष्य समजेल की टाइप १ चा रुग्ण अधिक सुरक्षित आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. त्याच्या बाबतीत शंभरामागे ३ प्रसंगांचे १४ झाले. मुळातच धोका अधिक असल्यामुळे पट कमी दिसते, इतकेच. या एका गफलतीमुळे ज्याला सर्वाधिक सावध करायला हवे तोच बेफिकीर राहील. ही गफलत केवळ सामान्य वाचकांचीच होते असेही नाही. औषधाचा लाभ 'पटीं'त आणि त्याचे दुष्परिणाम 'हजारी दोन' अशा रीतीने सांगितले की अनुभवी डॉक्टरही चकतात, आणि औषधे विकणाऱ्यांना हे चांगलेच ठाऊक असते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो सद्हेतूने येतो. अब्बांचे भले व्हावे म्हणून त्यांना 'साडेसात पट' एवढेच सांगून थोडे भेडसावले, तर काय बिघडले? नीयत तर चांगली आहे!

आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत कुरआनने दिली आहे. ती कोणाला लागू होते हे ठरविताना फिक्हच्या विद्वानांनी रुग्णाचा स्वतःचा अनुभव किंवा निष्णात व विश्वासू वैद्याचे मत प्रमाण मानले आहे. म्हणजे डॉक्टरांचा शब्द येथे निव्वळ सल्ला राहत नाही. तो शहादत ठरतो. एका माणसाचे फर्ज त्यावर अवलंबून असते. सूरह निसामध्ये साक्षीदाराला साक्ष वळवून-मुरडून देण्यास मनाई आहे, मग ती आप्तांच्या विरोधात का जाईना. हेतू चांगला म्हणून साक्ष वाकविण्याची मुभा तेथे नाही. हदीसशास्त्रात 'तदलीस' नावाचा दोष सांगितला आहे. 'अमुक यांच्याकडून' असे मोघम बोलून, स्वतः ऐकल्याचा भास निर्माण करणारा रावी खोटारडा ठरत नसे. पण त्याच्या तशा रिवायतीपाशी मुहद्दिस थबकत.

भेडसावण्याचे फळही गोड नसते. १९९५ साली ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठींचा धोका 'दुप्पट' होतो, अशी तातडीची सूचना निघाली. प्रत्यक्षात ७,००० स्त्रियांमागे एकीच्या जागी दोघींना हा धोका होता. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात वाढले. आपल्याकडेही भीतीने रोजे थांबत नाहीत. वरील पाहणीत टाइप २ च्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी निदान १५ दिवस रोजे ठेवलेच होते. घाबरलेला रुग्ण रोजा सोडत नाही, डॉक्टरांना विचारणे सोडतो.

म्हणून सांगणाऱ्याने दोन्ही महिन्यांची संख्या शेजारी-शेजारी ठेवावी, आणि तीही एकाच मापाने. ही माहिती रुग्णांना मागाहून विचारून गोळा केलेली आहे, हेही लपवू नये. 'अब्बा, तुमच्यासारख्या हजार जणांमागे एरवी महिन्याला असे चार प्रसंग घडतात, रमजानमध्ये तीस. आणि तुम्ही इन्सुलिन घेता, तेव्हा तुमचा हिशेब वेगळा असू शकतो, तो डॉक्टरांना विचारू,' असे मुलाला घरी सांगता येते. त्यासोबत हेही सांगावे की औषधांची मात्रा रमजानपूर्वीच ठरवून घ्यायची असते, बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही आणि ती ७० च्या खाली गेली, तर इफ्तारची वाट न पाहता रोजा तत्क्षणी सोडायचा असतो.