भंगारातले पोलाद आणि घेणाऱ्याची नजर



'मोडीत काढणे' हा आपल्या घरातला शब्द आहे. फुटकी घागर, गळका हंडा, तळ गेलेली कढई आपण मोडीत देतो. वस्तू म्हणून तिचे आयुष्य संपले, आता ती केवळ धातू म्हणून तोलायची, असा त्याचा अर्थ. भंगाराच्या दुकानातील काट्याला एवढेच कळते. त्याच्या दृष्टीने दोन पिढ्या राबलेली ऐरण आणि खिडकीची गंजलेली जाळी एकाच भावाची. परंतु लोहारकाम जाणणारा माणूस त्याच ढिगासमोर उभा राहिला की त्याला त्यात वेगवेगळ्या दहा वस्तू दिसतात. जे विकणाऱ्याला दिसत नाही ते घेणाऱ्याला दिसते. येथूनच एक नैतिक प्रश्न सुरू होतो, आणि तो वाटतो तितका लहान नाही.

समुद्रपूर तालुक्यासारख्या कापूस-तुरीच्या भागात लोहाराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मृगाच्या आधी वखराची पास, डवऱ्याचे पाते, कुऱ्हाड, विळे, सब्बल सगळे भट्टीवर येते. ट्रॅक्टर आल्यापासून हे काम कमी झाले, संपलेले नाही. पेठेतून नवे पोलाद आणून विळा घडवणे लोहाराला सहसा परवडत नाही. गावचा लोहार असो, खाती असो, गावोगाव फिरणारा घिसाडी असो, त्याचा कच्चा माल भंगारातच असतो. त्याची हत्यारेही बहुधा जुनीच: कोणाची तरी उतरलेली ऐरण, दुसऱ्याचा घण, तिसऱ्याच्या सांडशी. अलीकडे शिकलेली काही तरुण मुलेही हौसेने हे काम करू लागली आहेत, तीही प्रथम भंगाराच्या दुकानाचाच रस्ता धरतात.

तेथे काय ओळखायचे असते? जाम चौरस्त्यावरून नागपूर, हैदराबाद, चंद्रपूरकडे ट्रकची रीघ चालू असते. अशा रस्त्यांच्या कडेला तुटलेले कमानीचे पाटे पडलेले असतात. हे पाटे स्प्रिंगच्या पोलादाचे. त्यात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो, म्हणून तापवून तेलात बुडवले की ते कडक होतात. कोयता, कुऱ्हाड, विळा यांना उत्तम. झिजलेल्या कानशीत कार्बन त्याहून जास्त, एक टक्क्याच्या वर. बेअरिंगच्या कड्याही तशाच. उलट घरबांधणीची साधी सळई कितीही तापवा आणि कितीही पाणी द्या, धार धरत नाही. अनोळखी तुकडा असेल तर जाणकार माणूस तो ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहतो. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. कार्बन जास्त असेल तर त्या दगडाजवळच फुटून फुलबाजीसारख्या चांदण्या होतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. ऐरण पाहायची तर बेअरिंगची लहान गोळी वरून तिच्या अंगावर सोडायची. गोळी जवळजवळ तितकीच वर उसळली तर ऐरणीचा माथा कडक पोलादाचा आहे. जेमतेम उसळून बसली तर ती बिडाची किंवा आतून भेगाळलेली. ब्रिटिश काळातल्या 'पीटर राइट' सारख्या ऐरणीच्या कुशीवर तीन आकडे कोरलेले असतात. १-२-१० म्हणजे एक हंड्रेडवेट, दोन क्वार्टर आणि दहा पौंड. एकूण १७८ पौंड, म्हणजे सुमारे ८१ किलो. ज्याला हे वाचता येते त्याला काट्याची गरज नसते.

काय घेऊ नये हेही माहीत असावे लागते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत घातला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की त्याच दिवशी थंडी वाजून ताप भरतो. मोटारसायकलचा शॉकअब्सॉर्बर किंवा दोन्ही तोंडे बंद असलेली नळी तापवली तर ती बाँबसारखी फुटू शकते. जुन्या पाट्यात केसाएवढी चीर असली तर सगळी मेहनत पाणी देताना एका 'टिक्' आवाजात जाते. म्हणजे भंगार वेचणाऱ्याची नजर फुकट आलेली नसते. ती त्याने हात भाजून मिळवलेली असते, आणि तिचा मोबदला मिळण्याचा त्याला हक्क आहे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की स्वस्तात घेणेच पाप आहे. तसे नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात लोहारकाम करणारे एक गृहस्थ वारले. मुले शहरात नोकरीला. त्यांच्या पत्नीला अंगण मोकळे करायचे आहे. भाता, घण, सांडशा आणि ६० किलोची पोलादी ऐरण कोपऱ्यात पडली आहे. समजा, भंगाराचा भाव किलोला ३० रुपये. त्या हिशेबाने ऐरणीचे १,८०० रुपये होतात. तुम्ही जाता, गोळी टाकून पाहता आणि ओळखता की ही ऐरण काम करणाऱ्या माणसाला दहा हजारांनाही स्वस्त वाटेल. त्या बाई म्हणतात, "भाऊ, भंगाराच्या भावाने घेऊन जा." तुम्ही काय कराल?

पुष्कळ जण म्हणतील, भाव त्यांनीच सांगितला, मी कोठे फसवले? बाजार असाच चालतो. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रे या पुस्तकात (२०:१४) अशा गिऱ्हाइकाचे मोठे मार्मिक चित्र आहे. घेताना तो वस्तूला नावे ठेवतो आणि घेऊन गेल्यावर बढाई मारतो. ते वाचताना भंगाराच्या दुकानाबाहेरचे आपलेच संभाषण आठवते. "गंजलीय हो, कामाची नाही," असे म्हणून वस्तू उचलायची आणि घरी येऊन मित्रांना बोलावून दाखवायची! यात खोटे बोलणे तरी उघड आहे. परंतु जो काहीच न बोलता मुकाट पैसे देतो त्याचे काय?

संत थॉमस अक्वायनस (निधन १२७४) यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि योगायोग असा की त्यातील उदाहरण धातूचेच आहे. विकणारा सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते माहीत असेल, तर ती खरेदी अन्यायाची आहे, आणि घेणारा भरपाई करण्यास बांधील आहे, असे ते म्हणतात. विकणाऱ्याने दोष लपवू नये हे आपल्या सर्वांना पाठ असते. घेणाऱ्यालाही तोच नियम लागू होतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

पण त्याच प्रकरणात संत थॉमस आणखी एक बारीक भेद करतात. समजा, वस्तूचा घेणाऱ्याला विशेष फायदा होणार आहे, पण देणाऱ्याचे त्यात काही जात नाही. मग केवळ घेणाऱ्याची निकड पाहून विकणाऱ्याने भाव चढवू नये. कारण तो फायदा विकणाऱ्याचा नसून घेणाऱ्याच्या परिस्थितीतून आलेला आहे. मात्र घेणाऱ्याने खुशीने काही जास्त दिले तर तो त्याचा भलेपणा.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की भंगाराचा प्रश्न बराच सुटतो, असे मला वाटते. ट्रकचा तुटलेला पाटा घ्या. ट्रकमालकासाठी तो संपला. त्याचा कोयता होतो तो लोहाराच्या हातामुळे, कोळशामुळे, घामामुळे. ती वाढलेली किंमत लोहाराची. पाटा भंगाराच्या भावाने घेण्यात काहीच गैर नाही, आणि "मी याचा कोयता करणार आहे" असे सांगत बसण्याचीही गरज नाही. ऐरणीचे तसे नाही. ती आज, या क्षणी, कोणी हात न लावताही ऐरणच आहे. तिची किंमत माझ्या कसबाने निर्माण केलेली नाही. ती त्या घरात आधीपासून होती, फक्त घरच्यांना दिसत नव्हती. ते सोने पितळ म्हणून घेणेच झाले. तेथे बोलायला हवे. "काकू, भंगारात याचे अठराशे येतील, पण ऐरण म्हणून हिची किंमत पुष्कळ जास्त आहे. माझ्याजवळ इतके आहेत. नाही तर दुसऱ्या लोहाराला विचारून पाहा." मग त्यांनी तुम्हालाच कमी भावात दिली तर ती आनंदाने घ्यावी.

आणि भंगारवाला? त्याच्याकडून तीच ऐरण ३५ रुपये किलोने घेतली तर? येथे मी थोडा सैल आहे. तो व्यापारी आहे. वस्तू पारखणे हा त्याचा धंदा आहे, आणि आपल्याला नफा ठेवूनच तो भाव सांगतो. हातगाडीवर भंगार गोळा करणाऱ्या पोराला मात्र मी त्या विधवा बाईंच्या बाजूला उभे करीन. (काट्याबद्दल काही लिहीत नाही. वजनात मारणे ही चोरी आहे, त्यात विचार करण्यासारखे काही नाही.)

कोणी मत्तयच्या शुभवर्तमानातील (१३:४४) दृष्टान्त पुढे करील. शेतात ठेवा सापडलेला माणूस तो पुन्हा लपवून ठेवतो, सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. त्याने शेतमालकाला कोठे सांगितले? प्रश्न चांगला आहे. परंतु प्रभू येथे खरेदीचा धडा देत नाही, तो देवाच्या राज्यासाठी सगळे सोडून देणाऱ्याचा आनंद दाखवतो. शिवाय त्या माणसाने आपले सर्वस्व मोजले. अठराशे मोजले नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि ती अधिक अवघड. विकणाऱ्याला वस्तूची किंमत ठाऊक नसते तशी कधी कधी घेणाऱ्याला ती कोठून आली हे ठाऊक करून घ्यायचे नसते. रेल्वेचा रूळ हा पुष्कळ लोहारांची ऐरण असतो. रुळाच्या क्लिपाही स्प्रिंगच्या पोलादाच्या, म्हणून हव्याहव्याशा. रेल्वे आपले भंगार लिलावात विकते, तेव्हा असा तुकडा रीतसर बाजारात येऊ शकतो. पण हिंगणघाटकडच्या रुळांवरून रोज गाड्या धावतात आणि क्लिपाच रुळाला जागेवर धरून ठेवतात, हेही आपल्याला माहीत आहे. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायद्यानुसार असा संशयास्पद माल जवळ सापडला तर तो रीतसर मिळाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याजवळ सापडला त्याच्यावरच असते. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीच्या इतर मालासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४११ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहे. त्यातील शब्द पाहण्यासारखे आहेत. चोरीचे आहे हे 'माहीत असताना', किंवा तसे 'मानण्यास कारण असताना', अप्रामाणिकपणे घेणे. म्हणजे डोळे मिटून घेतले म्हणून सुटका नाही.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांची लोखंडी दारे चोरीला गेली आहेत. दार भंगारात जाते, चार पैसे मिळतात. पावसाळा संपल्यावर पाणी अडवायला दारच नसते, पाणी वाहून जाते आणि वरच्या शेतकऱ्यांचा हरभरा-गहू वाळतो. विहिरीवरच्या मोटारीतील तांब्याच्या तारेचे तेच. चोराला गिऱ्हाईक मिळाले नसते तर त्याने हे जड दार रात्री कशाला उचलले असते?

आपल्याच जिल्ह्यात या प्रश्नाचा खोलवर विचार केलेला माणूस राहून गेला. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरचे ख्रिस्ती कुटुंबातील, शिक्षणाने हिशेबतपासनीस. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्याची धुरा त्यांनी घेतली आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ते काम केले. वस्तूच्या किमतीबरोबर तिच्या मागे घडलेले सगळे आपण विकत घेतो, असा त्यांचा आग्रह होता. कोणाच्या जबरदस्तीने किंवा चोरीने ती आपल्यापर्यंत आली असेल तर त्यात घेणाराही भागीदार. आणि इतक्या लांबच्या गोष्टींची जबाबदारी घेणे झेपत नसेल, तर आपण आपल्या खरेदीचे वर्तुळच लहान करावे, जेथवर नजर पोहोचते तेवढेच. मोठ्या बाजारपेठेला हे सांगणे कठीण आहे. पण लोहाराला ते सहज जमण्यासारखे आहे. पाटा कोणत्या गॅरेजमधून आला, रोटाव्हेटरचे झिजलेले पाते कोणाच्या शेतातले, हे त्याला विचारता येते. जो ठिणगी पाहून पोलादातला कार्बन ओळखतो, त्याला नव्या कोऱ्या क्लिपांची पिशवी कोठून आली हे ओळखता येत नाही, असे कसे म्हणावे?

तरी एक प्रसंग मला पूर्ण सुटत नाही. बारा-तेरा वर्षांचा मुलगा बंधाऱ्याच्या दारासारखी दिसणारी पट्टी घेऊन येतो. घेतली तर आपण भागीदार. नाही घेतली तर तो पुढच्या दुकानात जाईल, पट्टी वितळेल, आणि त्या मुलाशी कोणीच काही बोलणार नाही. पोलिसांना सांगावे तर पहिला मार त्यालाच, आणि त्याला पाठवणारा मोकळा. मला वाटते, त्याला बसवावे, पाणी द्यावे, भूक लागली असेल तर खायला द्यावे, आणि पट्टीचे पैसे न देता ती ठेवून घेऊन सरपंचांना किंवा पाटबंधारे खात्याच्या माणसाला निरोप द्यावा. मग दुसऱ्या दिवशी भात्यावर बसायला येशील का, असे त्याला विचारून पाहावे. शाळेची वेळ सोडून, अर्थात.