लिओपोल्डची साक्ष आणि सह्याद्रीतलं सांबर

रानडुकरं, गवे आणि सांबरं शेतात उतरतात तेव्हा शेतकऱ्याचा संताप खरा असतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. पण अलीकडे या संतापाच्या आडून वेगळीच मागणी पुढे सरकते आहे. एका परिसंवादात एका व्यासंगी वक्त्याने ती नेटकेपणाने मांडली. शिकारी हाच रानाचा खरा राखणदार. संस्थानिकांनी शिकारीसाठी राखली म्हणून दाजीपूरसारखी रानं टिकली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माणसाचं रानाशी असलेलं नातं तोडलं. तेव्हा परवाने देऊन सांबराची शिकार पुन्हा सुरू करावी. साक्षीला त्यांनी अमेरिकन निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्डला उभं केलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला काळजी वाटते, म्हणून हा लेख.

दाजीपूरचा मुद्दा आधी निकाली काढतो. ते कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान होतं आणि १९५८ साली तिथे राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, हे खरं. पण तिथे एका घराण्याला मुभा होती आणि बाकी सगळ्यांना मज्जाव. रान टिकलं ते मज्जावामुळे, त्याचं श्रेय बंदुकीला कसं देणार? परवान्यांचं म्हणाल, तर १९७२च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होतेच. ते १९९१च्या दुरुस्तीने गेले. म्हणजे आज नवा म्हणून सुचवला जाणारा उपाय आपण आधीच करून पाहिला आहे.

लिओपोल्ड मात्र दोन वाक्यांत सोडून देण्याचा माणूस नाही. १९०९ साली तो अमेरिकेच्या वनखात्यात रुजू झाला आणि अ‍ॅरिझोनाच्या डोंगरात लांडगा दिसला की गोळी झाडू लागला. लांडगे कमी झाले की हरणं वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. पुढे त्याने त्या हिशेबाचा शेवटही पाहिला. लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणं वाढली, त्यांनी कोवळं झाड उरू दिलं नाही आणि मग ती स्वतःच उपासमारीने मेली. मरणाऱ्या लांडगीचे डोळे त्याने जवळून पाहिले होते. ती आठवण आणि हा धडा त्याने १९४४ साली ‘डोंगरासारखा विचार’ या निबंधात एकत्र मांडला. १९४८ साली शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना तो गेला. ज्या पुस्तकाने त्याला जगभर पोचवलं, ते त्यानंतर वर्षभराने निघालं.

शिकार त्याने सोडली नव्हती, हे वक्त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्याहून पुढची गोष्ट सांगतो. १९४३ साली विस्कॉन्सिन राज्याच्या संवर्धन आयोगावर असताना त्याने माद्यासुद्धा मारू द्याव्यात असा आग्रह धरला. त्या हंगामात लाखाहून अधिक हरणं मारली गेली आणि लोकांनी त्याला शिव्याशाप दिले. त्याने ते सहन केले, कारण त्याच्यापाशी पुरावा होता. हरणाचं तोंड पोचेल त्या उंचीपर्यंत रानातला पाला संपला होता आणि हिवाळ्यात पोट खपाटीला गेलेली हरणं बर्फात मरत होती. त्याची रीत अशी होती: आधी झाडोरा पाहायचा, मग हरणं मोजायची आणि बंदुकीची गोष्ट त्यानंतर काढायची.

हीच रीत सह्याद्रीला लावून पाहू. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली व्याघ्र प्रकल्प झाला. तिथली अडचण काय आहे? वाघाला पुरेसं भक्ष्य नाही, ही. चितळं बाहेरून आणून सोडण्याची वेळ वनखात्यावर आली. विस्कॉन्सिनच्या हरिणीला पोसलेल्या वर्षी सर्रास जुळी होतात. सांबराची मादी आठ महिने गर्भ वाढवते आणि बहुधा एकच पिल्लू देते. तिथला आकडा इथे उचलून आणणारा माणूस लिओपोल्डचं नाव घेतो, पण त्याची रीत पाळत नाही.

त्यात डोंगराची रचना शिकाऱ्याच्या बाजूची. दाट रानात सांबराला लांबचं दिसत नाही, ते नाकावर आणि कानावर जगतं. दिवस चढला की तापलेली हवा दरीतून वर सरकते, सांज झाली की गार हवा उतरणीला लागते. हे ठाऊक असलेला माणूस वाऱ्याची बाजू बरोबर धरतो. हाकारे खालून रान उठवतात आणि बंदूकवाला खिंडीत बसतो. कड्यांमुळे जनावराला पळायला वाटा मोजक्याच, आणि त्या बहुतेक खिंडीतूनच जातात. चार बंदुका एक खोरं रिकामं करू शकतात. उतरणीच्या झाडीत जखमी होऊन निसटलेलं सांबर पुष्कळदा सापडतही नाही, मग ते कोणत्या परवान्यात धरणार? आज चोरून जे चालतं ते याहून वाईट आहे. मोटारसायकलच्या क्लचची तार, तिचा फास, जनावराच्या वाटेवर एखाद्या झाडाच्या बुंध्याला बांधलेला. गाभण मादी आणि शिंगाळा नर यांत तार फरक करत नाही. तिच्यात भेकर अडकतं, कोळसुंदा अडकतो, आणि लावणारा आठ-आठ दिवस फिरकत नाही.

इथवर मी बंदीची बाजू लढवली. आता बंदीकडे वळतो, कारण लिओपोल्डची साक्ष तिलाही अडचणीत आणते. माणूस हा भूमीच्या समाजाचा मालक नसून साधा सभासद आहे, असं त्याचं सांगणं होतं. नुसत्या बंदीने कोणी सभासद होत नाही. ज्याची नाचणी रात्रीत सांबरांनी फस्त केली, त्याने पंचनाम्यासाठी कचेरीच्या खेपा घालायच्या आणि पैसे हाती पडेपर्यंत दुसरं पीक उभं राहायचं, असं असेल तर रानात फास दिसल्यावर तो कुणाला कळवील? नातं तुटलं हे वक्त्यांचं निदान मला मान्य आहे, त्यावरचा त्यांचा उपाय मान्य नाही. खिंडी, पाणवठे आणि सांबरांच्या लोळणी ठाऊक असलेली माणसं अजून या गावांत आहेत. जनावरांची मोजणी, गस्त आणि तारा काढण्याचं काम त्यांना नियमित पगारावर द्या. नुकसानीचे पैसे त्याच हंगामात द्या. पिकांची नासधूस करणारे काही प्राणी मारायला परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे. ती गरजेपुरती जरूर वापरा, पण तिच्या आडून हौशी बंदुका रानात आणू नका.

सांबरं इतकी वाढली की कोवळी झाडं उगवेनाशी झाली, असं मोजणीने दाखवून दिलं, तर परवान्यांची चर्चा मी स्वतः सुरू करीन. तोवर शिकारीच्या बाजूने लिओपोल्डची साक्ष काढणं थांबवावं.