योनाथान रानांत गेला
(शास्त्रभाग : १ शमुवेल २३ : १५ ते १८)



शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता व दावीद जीफाच्या रानांत लपला होता. अशा वेळीं योनाथान त्याजकडे गेला आणि देवावरील त्याच्या भरंवशास त्यानें टेका दिला. हा योनाथान कोण? राजपुत्र. रीतीप्रमाणें गादी त्याची. दावीद रानांतच मेला असता तर ती त्याच्या हातून जाती ना. ज्याच्या नाशांत आपला लाभ, त्यालाच धीर देण्यास तो इतकी वाट चालून गेला. हें आपण वाचतों, पण तेथें थांबत नाहीं.

अमेरिकेंत एक फुटबॉलचा खेळ आहे. आपल्या शाळांतलीं मुलें पायानें खेळतात तो हा नव्हे. यांत लांबट चेंडू उराशी धरून पळावयाचें असतें. दोहों बाजूंस अकरा अकरा गडी. चार खेपांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. समोरच्या गर्दींतून चेंडू घेऊन वाट काढणाऱ्यास 'रनिंग बॅक' म्हणतात. हुतूतूंत आपला गडी साऱ्यांच्या हातांतून निसटून रेघ गांठतो, तसेंच कांहींसें. मात्र येथें मोठमोठीं अंगें त्याजवर आदळतात, आणि गुडघा गेला कीं भाकरही जाते.

शिकागोच्या 'बेअर्स' संघांत गेल सेअर्स हा कृष्णवर्णी तरुण १९६५ सालीं आला. त्याच वर्षीं डिसेंबरांत, चिखलानें भरलेल्या मैदानावर, एकाच सामन्यांत त्यानें सहा वेळां चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. त्याच संघांत ब्रायन पिकोलो हा गोरा तरुण होता. काम तेंच, पण जागा सेअर्सच्या मागची. १९६७ सालीं संघानें बाहेरगांवच्या मुक्कामांत दोघांस एका खोलींत ठेवलें. काळ्या-गोऱ्यांनीं एका खोलींत निजावें, असें त्या संघांत पूर्वीं झालें नव्हतें.

नोव्हेंबर १९६८ मध्यें सेअर्सचा गुडघा निकामी झाला. त्याची जागा पिकोलोला मिळाली. आतां पिकोलोनें काय करावें? मनांतल्या मनांत देवाचे आभार मानावे, आणि वर हळहळ दाखवावी, हा जगाचा शिरस्ता. पण जो बरा झाला म्हणजे आपली जागा परत घेणार, त्यालाच तो धीर देत राहिला, व्यायामास लावीत राहिला. १९६९ च्या हंगामांत सेअर्स परतला आणि १,०३२ यार्ड धांवून त्या वर्षीं सर्वांत पहिला आला.

त्याच हंगामांत पिकोलोच्या छातींत कर्करोग सांपडला. मे १९७० मध्यें न्यूयॉर्कास सेअर्सला धैर्याबद्दल बक्षीस मिळालें. त्यानें भरसभेंत सांगितलें कीं हें बक्षीस माझ्या मित्राचें आहे; आणि आज रात्रीं गुडघे टेकाल तेव्हां त्याच्यासाठीं देवाकडे मागा, अशी श्रोत्यांस विनंती केली. १६ जून रोजीं पिकोलो वारला. वय अवघें २६. मागें पत्नी व तीन मुली. सेअर्सचा दुसरा गुडघाही पुढें गेला व अवघ्या ६८ सामन्यांवर त्याचा खेळ संपला. तो २०२० सालीं वारला.

बंधूंनो, आपल्या मंडळ्यांत कोणत्या वाड्यांतल्या भावानें प्रभुभोजनाचा पेला आधीं घ्यावा, यावरून अजून कुजबूज होते. एका गांवचा उपदेशक आजारी पडला तर शेजारचा उपदेशक प्रार्थना करतो ती खरोखर कशासाठीं, हें देव जाणतो. मी इतरांचेंच सांगत नाहीं. माझा एक सोबती पाळक अंथरुणास खिळला, तेव्हां त्याची मंडळी मला मिळाली. ती मोठी मंडळी होती, आणि मला ती फार दिवसांपासून हवी होती. त्याचें घर माझ्या वाटेवर असून त्याच्या दारांत जावयास मला तीन महिने लागले. मी गेलों तेव्हां तो उठून बसला आणि त्यानें प्रथम मंडळीचीच खुशाली विचारली.

योनाथान मात्र वेळेवर गेला. दोघांनीं परमेश्वरासमोर करार केला. मग दावीद रानांतच राहिला व योनाथान घरीं परतला. त्यानंतर त्यांची पुन्हां भेट झाल्याचें शास्त्रांत कोठें सांगितलेलें नाहीं.